श्वास बंद पडला, हे मरणाचे कारण नव्हे

प्रति,
मा. मुख्य निबंधक, जन्म व मृत्यू,
महाराष्ट्र राज्य

विषय : मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात 'रेस्पिरेटरी फेल्युअर' एवढेच लिहून मोकळे होण्याबाबत

महोदय,

मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे आपला नमुना क्रमांक ४, भरायला घेतला की डॉक्टरच्या डोळ्यांसमोर एक छापील सूचना येते. ज्या रोगाने, इजेने किंवा गुंतागुंतीने मृत्यू आला ते लिहा. हृदय बंद पडणे, अशक्तपणा अशी नुसती मरणाची तऱ्हा लिहू नका, असा तिचा अर्थ. आणि त्या सूचनेला अगदी लागून असलेल्या रिकाम्या जागेत डॉक्टर लिहितो : कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट. थोडा जास्त काळजी घेणारा असला तर लिहितो : ॲक्यूट रेस्पिरेटरी फेल्युअर. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. फॉर्म भरला.

मी खान्देशात फिजिशियन म्हणून काम करतो. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या सरकारी व खासगी अशा दोन्ही रुग्णालयांच्या फायली माझ्या हाताखालून गेल्या आहेत. या पत्रात मला फक्त त्या एका ओळीबद्दल बोलायचे आहे. ती लिहितो आम्ही डॉक्टर, हे खरेच. पण तो कागद ग्रामपंचायतीतून, नगरपालिकेतून, रुग्णालयातल्या निबंधकाकडून चढत चढत शेवटी आपल्या खात्याकडे येतो. तिथे त्याला संकेतांक मिळतो आणि एका माणसाच्या मरणाचा आकडा होतो. म्हणून हे पत्र आपल्याला.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. श्वसनसंस्था निकामी होणे हे थोतांड निदान नाही. ते मोजता येते. साध्या हवेत श्वास घेणाऱ्या माणसाच्या धमनीतल्या रक्तात प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरच्या खाली गेला, तर तो पहिला प्रकार. कार्बन डायऑक्साइडचा दाब ४५च्या वर चढला आणि रक्ताचा पीएच ७.३५च्या खाली उतरला, तर दुसरा. पहिल्यात फुप्फुस प्राणवायू आत घेऊ शकत नाही, दुसऱ्यात छातीचा भाता वायू बाहेर टाकू शकत नाही. हे दाब मोजणारे एबीजी मशीन जवळ नसले तरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असतो, मिनिटाला श्वास किती ते मोजता येते, मानेचे स्नायू ओढले जातात का ते दिसते, रुग्ण एका दमात वाक्य पुरे करतो का ते ऐकू येते. केसपेपरवर हे सगळे वेळेसह लिहायला हवे. ऑक्सिजन किती लिटरने चालू होता तेही. हे आकडे नसतील तर 'रेस्पिरेटरी फेल्युअर' हे शब्द केसपेपरवरही पोकळच राहतात.

मृत्यूच्या प्रमाणपत्राची गोष्ट मात्र वेगळी. तिथे ही अवस्था मधली पायरी आहे. नमुना ४ची रचनाच तशी केलेली आहे : 'अ' ओळीत तत्काळ कारण, 'ब' ओळीत ते कशामुळे, 'क' ओळीत त्याच्याही मुळाशी काय, आणि प्रत्येकापुढे ते सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत गेलेला काळ. दुसऱ्या भागात हातभार लावणारे इतर आजार. 'अ'मध्ये श्वसन निकामी झाल्याचे लिहिले तर खाली 'ब' आणि 'क' भरणे ओघानेच आले. ते न भरता सही करणे म्हणजे रस्त्यात एसटी का थांबली असे विचारल्यावर चाके फिरेनाशी झाली म्हणून थांबली, असे सांगण्यासारखे आहे.

'ब' आणि 'क' कोरे राहिले की संकेतांक देणाऱ्याचा नाइलाज होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, आयसीडी-१०मध्ये, जे९६ हा श्वसन निकामी होण्याचा गट आहे : जे९६.० तीव्र, जे९६.१ दीर्घकालीन, जे९६.९ प्रकार न सांगितलेला. नुसत्या 'अरेस्ट'साठी आर०९.२ किंवा आय४६.९. मृत्यूच्या आकडेवारीवर काम करणारे जगभरचे तज्ज्ञ असल्या संकेतांकांना 'गार्बेज कोड' म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. आकडा मोजला जातो, पण त्यावरून कोणालाही काहीही करता येत नाही. १ जानेवारी २०२२पासून आयसीडी-११ लागू झाले. त्यात हाच आजार सीबी४१ या नव्या पत्त्यावर गेला. पत्ता बदलला तरी कोऱ्या ओळी कोऱ्याच राहणार.

आता हा कोरेपणा खान्देशात काय काय झाकतो, ते सांगतो.

पावसाळ्यात चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात माणसे घरात, शेतातल्या झोपडीत जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री चावते. दुखत नाही, सुजत नाही, कित्येकदा दाताचा व्रणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते, आणि विष छातीच्या स्नायूंपर्यंत पोचले की श्वास थांबतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष दिले, १०८ने जळगावला किंवा धुळ्याच्या हिरे महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे पाठवले, व्हेंटिलेटर मिळायला उशीर झाला. त्या रुग्णाचे तत्काळ कारण श्वसन निकामी होणे हेच. पण मूळ कारण टी६३.० हे सर्पविष आणि एक्स२० हा विषारी सापाचा दंश. ते लिहिले नाही तर साप गेला आणि नुसता श्वास उरला.

कापूस, केळी आणि मका पिकवणाऱ्या या भागात फवारणी असतेच. ऑर्गनोफॉस्फरस गटातले कीटकनाशक अंगात गेले की स्नायू फडफडतात, तोंडातून फेस येतो, फुप्फुसे पाण्याने भरतात. काही रुग्ण यातून सावरल्यासारखे दिसतात आणि दोन-तीन दिवसांनी मानेचे, छातीचे स्नायू एकाएकी ढिले पडून पुन्हा श्वास बंद होतो. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा सबंध राज्याला ही गोष्ट कळली. आयसीडी-१०मध्ये विषाचा संकेतांक टी६०.०, ते अपघाताने गेले तर एक्स४८, जाणूनबुजून घेतले तर एक्स६८. या दोन संकेतांकांमधल्या फरकावर कृषी खात्याने काय करायचे आणि मानसिक आरोग्याच्या यंत्रणेने काय करायचे हे ठरते. 'रेस्पिरेटरी फेल्युअर' लिहिले की दोघेही सुटतात.

तिसरे मरण सावकाश येते. दिवाळीनंतर जामनेर, धरणगाव, बोदवड, दोंडाईचा, शिरपूर या भागांतल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये हंगाम सुरू होतो. रुईचा तूस हवेत तरंगत असतो, आणि नाकाला बांधलेला रुमाल काही वेळाने पांढरा होतो. वर्षानुवर्षे ती धूळ आत गेली की सुट्टीनंतर कामावर परतण्याच्या दिवशी छाती आवळते, पुढे रोजच आवळते, शेवटी चार पावले चालले तरी दम लागतो. याचे नाव बिसिनोसिस, संकेतांक जे६६.०. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल अशा गिरण्यांत ज्यांचे तारुण्य गेले त्या पिढीलाही हा आजार शिवला असणार. त्यांतल्या किती जणांच्या मृत्यूच्या कागदावर तो लिहिला गेला, हे आपल्या दप्तराखेरीज कोण सांगणार? आणि दप्तर सांगू शकेल, असे मला वाटत नाही. चुलीच्या धुरात पन्नास वर्षे स्वयंपाक केलेल्या बाईचा सीओपीडी हा जे४४. क्षयातून बरे होऊनही फुप्फुसात चिंध्या राहिलेल्या माणसाचा बी९०.९. दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या परिसरातले लोक राखेची तक्रार करत आले आहेत. त्यांच्या छातीच्या आजारांचा हिशेब मांडायचा असेल तरी हाच कागद लागेल. शेवटच्या रात्री या सगळ्यांचे ऑक्सिमीटरवरचे आकडे एकसारखेच घसरतात. त्याआधीची वर्षे मात्र प्रत्येकाची वेगळी असतात.

महोदय, एवढ्या बारकाव्याची गरज कोणाला, असे विचारणारे आमच्यातही आहेत. गेला तो गेला, म्हणतात. त्यांना मी आधी पैशाची भाषा ऐकवतो, कारण ती लवकर कळते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाने किंवा कीटकनाशके हाताळताना विषबाधा होऊन मृत्यू झाला तर कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. २०२३पासून विमा कंपनीला मध्ये न घेता हे साहाय्य थेट अनुदान म्हणून दिले जाते. नोव्हेंबर २०२५मध्ये नव्या श्रमसंहिता येईपर्यंत लागू असलेल्या, कर्मचारी भरपाईच्या १९२३च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस होता. तोवर लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८च्या कलम ८९नुसार तो आढळला तर डॉक्टरने कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवायचे असे. म्हणजे कायद्याने वाट करून ठेवली आहे. त्या वाटेवरचा पहिला दगड डॉक्टरने लिहिलेले कारण, आणि आम्ही तिथे लिहितो : श्वास थांबला. मग विधवा तहसील कचेरीत फाईल घेऊन बसते आणि समोरचा कारकून म्हणतो, यात सापाचा उल्लेख कुठे आहे?

आता जिल्ह्याचे नुकसान. देशातल्या सर्पदंशाच्या मृत्यूंचा खरा अंदाज प्रमाणपत्रांवरून लागलाच नाही. महानिबंधक कार्यालयाच्या नमुना नोंदणीतल्या घरांत जाऊन, मृताच्या आप्तांना विचारून केलेल्या 'मिलियन डेथ स्टडी'तून तो लागला. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख लोक सर्पदंशाने मेले. वर्षाला सरासरी ५८ हजार. सरकारी रुग्णालयांच्या अहवालांत यांतले फारच थोडे दिसतात. मार्च २०२४मध्ये केंद्राने सर्पदंशाचे मृत्यू २०३०पर्यंत निम्मे करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना सर्पदंश हा अधिसूचित आजार करण्यास सांगितले. निम्मे कशाचे करणार? चोपडा तालुक्यात वर्षाला किती जण सापाने मेले, शिरपूरमध्ये किती, हेच धडपणे कळले नाही तर प्रतिविषाच्या किती कुप्या आणि किती व्हेंटिलेटर कुठे ठेवायचे, याचा हिशेब कसा मांडायचा?

कोविडच्या दोन वर्षांत हीच ओळ साऱ्या राज्याला छळून गेली. २०२०च्या उन्हाळ्यात जळगावचा मृत्युदर देशात चिंतेचा विषय झाला होता. जूनमध्ये तिथल्या जिल्हा रुग्णालयातून बेपत्ता झालेली एक वृद्ध रुग्ण काही दिवसांनी रुग्णालयाच्याच स्वच्छतागृहात मृतावस्थेत सापडली. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. जिवंत रुग्ण वॉर्डात कुठे आहे याचीच नोंद राहिली नाही, तर मेल्यानंतरच्या कारणाच्या नोंदीची काय कथा? त्याच महिन्याच्या १६ तारखेला राज्याने आधीच्या नोंदींचा ताळमेळ घालून १,३२८ मृत्यू एका दिवसात आकडेवारीत मिळवले. त्यांतले ८६२ मुंबईचे होते, ४६६ उर्वरित महाराष्ट्राचे.

त्या दिवसांत खान्देशात 'सारी' हा शब्द घरोघर गेला. तीव्र श्वसनविकाराच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून आलेला. चाचणी निगेटिव्ह, अहवाल यायचा बाकी, किंवा चाचणी झालीच नाही. पण सिटी स्कॅनचा स्कोअर मोठा आणि ऑक्सिजन खाली. अशा कित्येकांच्या कागदावर 'सारी' आणि खाली 'रेस्पिरेटरी फेल्युअर' एवढेच राहिले. आयसीडी-१०मध्ये विषाणू चाचणीत सापडला तर यू०७.१ आणि चाचणीने सिद्ध झाला नाही पण लक्षणांवरून निदान झाले तर यू०७.२, अशी दोन्हींची सोय होती. बेंगळुरूच्या आयसीएमआर-एनसीडीआयआर या संस्थेने कोविडचे मृत्यू कसे नोंदवावेत याचे मार्गदर्शन २०२०मध्येच दिले होते. श्वसन निकामी होणे ही मरणाची तऱ्हा आहे, मूळ कारण नाही, हे त्यात स्पष्ट होते. कितीजणांनी ते वाचले?

त्याची किंमत पुढच्या वर्षी कळली. ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोविडने मेलेल्यांच्या वारसांना साहाय्य आणि मृत्यूचे कारण सांगणारा सोपा अधिकृत दस्तऐवज द्यावा, असे आदेश दिले. ३ सप्टेंबरला केंद्राचे निकष आले : निदानापासून ३० दिवसांच्या आतला मृत्यू, मग तो रुग्णालयाबाहेर झालेला असला तरी. साहाय्य ५० हजार रुपये ठरले. कारणावर वाद असेल तर जिल्ह्याची समिती निर्णय देणार होती. समित्यांसमोर लोकांनी स्कॅनच्या फिल्म, औषधांची बिले, व्हॉट्सॲपवर जपलेले अहवाल मांडले. जानेवारी २०२२मध्ये महाराष्ट्राची अधिकृत मृत्युसंख्या १ लाख ४१ हजारांच्या आसपास होती आणि साहाय्यासाठीचे अर्ज २ लाखांच्या वर गेले होते. या तफावतीची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक नमुना ४च्या कोऱ्या ओळीत आहे, आणि ते सुधारणे सगळ्यांत सोपे होते.

नोंदीचा हा आजार आजचा नाही. इंग्रजी अमदानीत गावकामगार पाटील गावातली मरणे नोंदवत असे. पटकी, देवी, प्लेग ही सदरे होती. बाकी बहुतेक सारे 'ताप' या सदरात जाई. १९१८च्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्यांतली बहुतांश कागदावर तापाने मेली. नंतरच्या अभ्यासकांना त्या वर्षी 'ताप' नेहमीपेक्षा किती वाढला हे पाहून साथीचा अंदाज करावा लागला. पाटलाजवळ ना थर्मामीटर होता ना शिक्षण. त्याला दोष देता येत नाही. आमच्याजवळ एबीजी, एक्स-रे, सिटी, आणि पाटीवर लावायला पदव्या आहेत. तरी शंभर वर्षांनी 'ताप'च्या जागी आम्ही 'रेस्पिरेटरी फेल्युअर' आणून बसवले.

डॉक्टर असे का लिहितात, हेही मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मरण बहुतेकदा रात्री येते आणि फॉर्म रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरच्या हातात येतो. त्याने त्या रुग्णाला तासभरापूर्वी पहिल्यांदा पाहिलेले असते. बाहेर नातेवाइकांची गर्दी, गाडी सांगून ठेवलेली, प्रेत लवकर द्या म्हणून घाई. 'विषबाधा' लिहिले तर पोलिस, पंचनामा, शवविच्छेदन. घरचेच हात जोडतात, साहेब, केस करू नका. मूळ आजार नक्की ठाऊक नसतो आणि 'माहीत नाही' लिहिले तर वरिष्ठ विचारतील, अशी भीती. 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' ही शब्दजोडी कोणीही खोडून काढू शकत नाही, कारण ती प्रत्येक मृतावर खरी असते. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात मृत्यूचे प्रमाणपत्र आहे, पण ते बहुतेकांना परीक्षेत भेटते आणि पुढे रात्री दोन वाजता थेट टेबलावर.

आणखी एक गोष्ट आहे, ती जास्त टोचणारी. आयुष्मान भारत योजनेच्या पॅकेजांच्या यादीत, कोणत्याही कारणाने श्वसन निकामी झाल्यास उपचार, अशा अर्थाचे एक पॅकेज आहे. ते असणे योग्यच. व्हेंटिलेटरचा खर्च कारण पाहून कमी होत नाही. पण त्यामुळे केसपेपरवर ही अवस्था नीट लिहायला रुग्णालयाला कारण मिळते. एबीजीचा कागद, एक्स-रे, वेळा, सगळे जोडले जाते. मृत्यूच्या कागदावर मूळ कारण लिहायला तसे कोणतेच कारण उरत नाही. बिलाला जे पुरते ते मृत्यूच्या नोंदीलाही पुरते, अशी सवय त्यातून लागते.

अमेरिकेत याच्या उलट टोक दिसते. तिथे १ ऑक्टोबर २०१५पासून आयसीडी-१०चे तिथले सुधारित रूप वापरतात. त्यात प्राणवायूची कमतरता असलेले तीव्र श्वसन निकामी होणे हा जे९६.०१, कार्बन डायऑक्साइड साठणारा जे९६.०२. या संकेतांकाने रुग्णालयाचे बिल वाढते, म्हणून विमा कंपन्या प्रत्येक शब्द तपासतात आणि नाकारतात, आणि रुग्णालये डॉक्टरांना उलट प्रश्न पाठवतात : प्राणवायूचा आकडा कुठे, श्वासाची गती किती, ऑक्सिजन कसा दिला? हे काम करणारी हजारो मुले-मुली पुणे, मुंबई, हैदराबाद, चेन्नईतल्या कंपन्यांत बसलेली असतात. त्यांत खान्देशातून पुण्याला गेलेली पोरेही आहेत. दूरदेशीच्या अनोळखी रुग्णाच्या श्वासाचे कारण ती चार प्रश्न विचारून शोधतात. त्यांच्या गावाकडच्या आजोबांच्या कागदाला एकही प्रश्न विचारला जात नाही. अमेरिकेची बिलबाजी आपल्याला नको. पण प्रश्न विचारण्याची शिस्त हवी, आणि ती इथे पैशाने येणार नाही. आपल्या खात्यानेच ती लावली पाहिजे.

कायदा आपल्या बाजूने आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९च्या कलम १७नुसार लोकांना मिळणाऱ्या उताऱ्यात मृत्यूचे कारण दाखवता येत नाही. मृताच्या खासगीपणासाठी ते ठीकच. पण त्यामुळे वर्षानुवर्षे आपल्या माणसाचे कारण कोणत्या शब्दांत नोंदले गेले, हे घरच्यांना कळायची सोय नव्हती. गावाकडचा पोरगा दवाखान्यात येऊन विचारायचा, "डाक्टर, बापले काय व्हयनं व्हतं?" आणि उत्तर बोलण्यात मिळायचे, कागदावर नाही. २०२३च्या दुरुस्तीने हे बदलले. त्या वर्षी १ ऑक्टोबरपासून वैद्यकीय संस्थांनी मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाला विनाशुल्क द्यायचे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची, असा नियम झाला. चांगला नियम. पण प्रत मिळाली आणि तिच्यावर 'रेस्पिरेटरी फेल्युअर' असले तर पोरगा जिथे होता तिथेच राहिला. देशाच्या २०२०च्या अहवालानुसार नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्क्यांनाच वैद्यकीय कारण लागलेले होते. शेजारच्या गोव्यात जवळपास प्रत्येकाला. प्रमाणपत्रे वाढवा, हे आपले खाते सांगतेच. कारणे नसलेली प्रमाणपत्रे वाढून काय साधणार?

म्हणून काही मागण्या करतो.

पहिली. ज्या नमुना ४मध्ये केवळ मरणाची तऱ्हा असेल, तो जसाच्या तसा पुढे पाठवू नये. अधिनियमाच्या कलम २१ने निबंधकाला माहिती मागवण्याचा अधिकार दिला आहे. त्याचा आधार घेऊन एक छोटा ठरीव पत्रनमुना काढावा : हे कशामुळे झाले, किती दिवसांपासून होते, साप, विष, धूळ, क्षय यांपैकी काही होते का? उत्तराला मुदत द्यावी. कुटुंबाला मिळणारा मृत्यूचा दाखला मात्र यासाठी एक दिवसही अडवू नये.

दुसरी. 'संभाव्य' आणि 'माहीत नाही' हे शब्द लिहिण्याची मुभा आहे, हे परिपत्रकाने डॉक्टरांना ठणकावून सांगावे. व्हिसेरा राखून ठेवला असेल तर 'चौकशी प्रलंबित' लिहून अहवाल आल्यावर कारण दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणाची, तेही लिहावे. खोट्या खात्रीपेक्षा प्रामाणिक शंका आकडेवारीला जास्त उपयोगी पडते.

तिसरी. मृत्यूच्या माहितीपत्रात, नमुना २मध्ये, मृत व्यक्ती किती वर्षे धूम्रपान करत होती, तंबाखू-सुपारी खात होती, दारू पीत होती, हे आपण विचारता. व्यवसायही विचारता, पण त्या रकान्यात 'मजूर' किंवा 'गृहिणी' लिहिले की काम भागते. जिनिंगमध्ये किती हंगाम, चुलीवर किती वर्षे, हे विचारायला एक ओळ पुरेशी आहे.

चौथी. धुळ्यात हिरे शासकीय महाविद्यालय आणि एसीपीएम, जळगावात शासकीय महाविद्यालय आणि डॉ. उल्हास पाटील महाविद्यालय : दोन जिल्ह्यांत चार वैद्यकीय महाविद्यालये आहेत. जिल्ह्यातल्या निवडक मृत्यूंचे कागद दर महिन्याला त्यांच्या औषधवैद्यक, जनवैद्यक आणि न्यायवैद्यक विभागांसमोर नाव झाकून ठेवावेत. इंटर्नना तिथे बसवावे. एका दुपारी दहा फॉर्म दुरुस्त करताना जे कळते ते वर्षभराच्या व्याख्यानांत कळत नाही.

पाचवी. घरी झालेल्या मृत्यूंचा प्रश्न रुग्णालयांच्या फॉर्मने सुटणार नाही. सातपुड्यातल्या पावरा, तडवी वस्त्यांपासून तापीकाठच्या गावांपर्यंत ते बरेच असतात. 'मिलियन डेथ स्टडी'ने जी आप्तांना विचारण्याची पद्धत वापरली, तीच आशा आणि आरोग्यसेविकांना शिकवून निवडक गावांत राबवावी. दम कधीपासून लागत होता, पाय सुजत होते का, रात्री जमिनीवर झोपले होते का, पापण्या पडल्या होत्या का. हे प्रश्न त्यांना विचारता येतात, आणि लोक त्यांना उत्तरेही देतात.

सहावी आणि शेवटची. आपल्या वार्षिक अहवालात जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांसाठी एक वेगळा आकडा छापावा : वैद्यकीय प्रमाणपत्र असलेल्या मृत्यूंपैकी किती टक्के जे९६.९, आर०९.२ आणि आय४६.९ या संकेतांकांखाली गेले. तालुकावार, सरकारी आणि खासगी वेगळे. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे यंत्र लागत नाही, नवी इमारत तर नाहीच. कागद आपल्याकडे आधीच आहेत. तो आकडा मोठा निघाला तर आम्हा डॉक्टरांना लाज वाटेल, आणि वाटलीच पाहिजे; पुढच्या वर्षी तो उतरला की नाही, हे खान्देशातले लोक आम्हाला विचारतील. आणि तो छापलाच गेला नाही, तर हाच प्रश्न ते आपल्याला विचारतील.

कळावे,

आपला,
खान्देशातील एक फिजिशियन